लाल पेन्सिलीची फुली

यंत्र ‘कृपया उजवीकडे वळा’ म्हणालं तेव्हा डाउवे मोठ्याने हसला.

“बघ,” तो बायकोला म्हणाला, “तुझ्यापुढे हा अगदीच कच्चा निघाला. बंदी असलेल्या रस्त्यावर घालायला निघालाय आपल्याला.”

हिंके हसली नाही. मांडीवरच्या नकाशाची घडी तिने मोडली आणि उगाचच पुन्हा घातली. “सरळ चल,” ती म्हणाली. “नेहमीसारखं.”

उत्तरेकडच्या सपाट फ्रीसलंडमधलं घर सोडल्याला आज तिसरा दिवस होता. गाडीच्या मागे जोडलेली कॅरव्हॅन, म्हणजे चाकांवरची खोली, आणि कॅरव्हॅनमध्ये घरून आणलेली बटाट्यांची गोणी, कारण फ्रान्समधल्या बटाट्याला चव नसते हे डाउवेचं ठाम मत. पुढच्या काचेला रबरी चकतीने चिकटवलेलं तळहाताएवढं जीपीएस यंत्र मात्र यंदाच आलेलं. लेकीने, मारितने, बाबांच्या पासष्टीला दिलेलं. त्यातला आवाजही तिनेच निवडला होता, एका बेल्जियन माणसाचा. “आपल्याकडचे आवाज हुकूम सोडतात, बाबा. हा बिचारा विनंती करतो.” विनंती तो खरोखर करायचा, आणि ऐकली नाही तरी रागवायचा नाही. वीज देणाऱ्या, सिगारेट पेटवायच्या एकुलत्या एका भोकावरून मात्र तीन दिवस भांडण चाललं होतं. यंत्राला तेच हवं, मोबाइलला तेच हवं, आणि हिंकेच्या थंड पेटीलाही तेच. पॅरिसच्या अलीकडेच लोणी वितळलं होतं.

“सरळ चल म्हटलं ना.”

“चाललोय गं,” डाउवे म्हणाला. पण पाय आपोआप सैल पडला, कारण एक गोष्ट त्याच्या डोक्यात खुपली. मारितने यंत्रात सगळं भरलं होतं. कॅरव्हॅन किती लांब, किती उंच, किती जड. जिथे कॅरव्हॅन न्यायला मनाई, तो रस्ता हे यंत्र दाखवतच नाही, असं तिने दोनदा बजावलं होतं. मग हा खिंडीचा रस्ता ते का दाखवतंय? आणि किती सरळ हिशेबात दाखवतंय! इथून त्यांच्या दरवर्षीच्या सुट्टीच्या कॅम्पपर्यंत खिंडीतून एकवीस किलोमीटर. खालून, दरीला वळसा घालून, चौऱ्याहत्तर.

त्याने फाट्याजवळच्या मोकळ्या जागेत गाडी घेतली.

“काय झालं?” हिंके म्हणाली.

“पाटी बघतो. बंदी अजून असेल तर मारितला सांगायला हवं, यंत्र चुकतंय म्हणून.”

बंदीची पाटी नव्हती. खिंडीचं नाव होतं, उंची होती, बर्फात चाकांना साखळ्या लावा अशी सूचना होती. लाल वर्तुळातली कॅरव्हॅन कुठेच नव्हती. डाउवे रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी फिरून आला. झुडपं बाजूला करून बघितली.

डाउवे जन्मभर कालव्यावरच्या पुलाचा रखवालदार होता. लाल दिवा लावला की बोटी थांबत, मग पूल उघडे, हिरवा लागला की बोटी निघत. चाळीस वर्षांत एकाही बोटवाल्याने त्याला ‘का थांबायचं’ असं विचारलं नव्हतं. लाल म्हणजे लाल. म्हणूनच, पहिल्या सहलीच्या पुढच्या वर्षी हिंकेने नकाशावर या खिंडीवर लाल पेन्सिलीने फुली मारली आणि सांगितलं, ‘कॅम्पच्या मालकाने कळवलंय, कॅरव्हॅनला रस्ता बंद झालाय’, तेव्हा त्यानेही विचारलं नव्हतं. नकाशा तिच्याकडे, स्टिअरिंगचं चाक त्याच्याकडे. सव्वीस उन्हाळे असेच गेले.

तेवढ्यात वरून एक गाडी उतरली. पिवळी नंबरप्लेट, म्हणजे आपल्याकडचीच, आणि मागे डाउवेच्या कॅरव्हॅनपेक्षा हातभर लांब कॅरव्हॅन. चालवणारा तरुण माणूस काच खाली करून थांबला.

“काय हो काका, बिघडली का?”

“नाही नाही. तुम्ही वरून आलात?”

“हो, वरून. काय झकास रस्ता आहे! आमची बायको तर झोपून आली. अजून उठली नाहीय, बघा.”

डाउवेने बघितलं. खरंच, बाई तोंड उघडं टाकून गाढ झोपली होती.

“बंदी नाहीय?”

“कसली बंदी? दरवर्षी जातो की आम्ही.” माणूस हसला, हात हलवला आणि गेला.

डाउवे गाडीत येऊन बसला. दार लावलं. यंत्र म्हणालं, ‘कृपया खिंडीच्या दिशेने जा.’ त्याने आवाज बंद केला.

“हिंके, पाटी कधी काढली असेल?”

ती काचेतून समोर बघतच म्हणाली, “पाटी नव्हतीच कधी.”

“मालकाने कळवलं होतं ना?”

“नव्हतं कळवलं. मीच म्हटलं तसं.”

डाउवे चाकावरची धूळ अंगठ्याने पुसत बसला. तेवढ्यात मोबाइल वाजला. मारित. हिंकेने उचलायच्या आत त्यानेच उचलला.

“पोचलात का रे बाबा? यंत्र कसं चाललंय?”

“यंत्र छान आहे. मारित, त्या खिंडीचा रस्ता आपल्याला बंद आहे का गं?”

“आई कुठाय?”

“शेजारीच बसलीय. मी तुला विचारतोय.”

“अरे बाबा... तू अजून ते... मला वाटलं होतं, तुला केव्हाच कळलं असेल.”

“तुला कधीपासून माहीत आहे?”

“दहा वर्षांची असेन. कॅम्पमधल्या मुलांबरोबर सायकलने वर गेले होते ना मी? तिथे कॅरव्हॅन होत्या चिक्कार. आईला विचारलं, तर म्हणाली, बाबांना सांगू नकोस, त्याला वाईट वाटेल.” मग घाईघाईने, “बाबा, यंत्र देताना ते माझ्या लक्षातच आलं नाही रे. खरंच.”

“ठीक आहे,” डाउवे म्हणाला आणि फोन ठेवला.

ठीक काहीच नव्हतं. दरवर्षी त्याच्या वाढदिवसाला भावंडं, शेजारी, जावई गोल खुर्च्या मांडून बसत, कॉफी फिरे, केक फिरे, आणि दरवर्षी कुणीतरी म्हणे, ‘डाउवे, ती खिंडीची गोष्ट सांग.’ मग तो सांगे: पहिलाच उन्हाळा, पहिलीच कॅरव्हॅन, आपण सपाट मुलखातली माणसं, चढ म्हणजे आपल्याला पुलाचा चढ माहीत, उतारावर ब्रेक तापले, धूर निघाला, कॅरव्हॅन मागून ढकलायला लागली, तरी पठ्ठ्याने बायकोपोरीला सुखरूप खाली आणलं. सगळे हसत, वाहवा करत. हिंके केकची थाळी घेऊन फिरत असे. मारित आपल्या बशीत बघत असे. त्या बशीत ती काय बघत होती, ते आज कळलं. इतकी वर्षं घरातली दोन माणसं त्याच्या पाठीमागे एका बाजूला होती, आणि तो मधोमध खुर्चीत बसून आपली शौर्यकथा सांगत होता.

“माझ्या गाडी चालवण्यावर भरवसा नव्हता, असं सरळ सांगायचंस.”

“गाडी तू चांगली चालवतोस.”

“मग?”

“तुझ्यावर नव्हता.”

तिने हे इतक्या साधेपणाने सांगितलं, जसं एखादीने दूध संपलंय म्हणावं.

“मी थांब म्हटलं होतं, डाउवे. त्या दिवशी.”

“कधी?”

“पहिल्या वळणापासून. सात वेळा म्हटलं. मारित सात महिन्यांची होती, मांडीवर. उतारावर तिच्या कानांना दडे बसले म्हणून तिने आकांत मांडला होता. मी छातीशी घेत होते, ती घेत नव्हती. दूध सगळं ब्लाउजवर. वासाने मला कळलं, काहीतरी जळतंय. मी म्हटलं, थांब, मला पोरीला घेऊन उतरू दे, आम्ही चालत येतो. बाजूला रुंद जागा होती. एक गेली, दुसरी गेली. तू शीळ घालत होतास.”

हे डाउवेच्या गोष्टीत नव्हतं. त्याने आठवून बघितलं. वळणं आठवली, धूर आठवला, पोरीचं रडणं कुठेतरी लांबून आल्यासारखं आठवलं. ‘थांब’ आठवलं नाही. शीळ मात्र आठवली. तोंडाला कोरड पडली होती, जीभ टाळ्याला चिकटत होती, ओठ थरथरताना दिसू नयेत म्हणून घातलेली शीळ. थांबलो तर हात-पाय गळतील आणि पुन्हा चाक धरवणार नाही, हे त्याला तेव्हा पक्कं ठाऊक होतं. हे त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं. आत्ताही ते ओठांपर्यंत आलं आणि तिथेच राहिलं.

“मला सांगायचंस तेव्हाच,” तो एवढंच म्हणाला.

“सांगितलं असतं, तर पुढच्या वर्षी तू मुद्दाम तिथूनच नेलं असतंस. मला दाखवायला.”

हे खरं होतं, आणि खरं होतं म्हणूनच त्याला जास्त झोंबलं. त्याने चावी फिरवली.

“आज मी इथूनच जाणार.”

हिंकेने पट्टा सोडला, दार उघडलं आणि पर्स घेऊन खाली उतरली. चिडून नाही, बस थांब्यावर आली की माणूस उतरतो तशी. “जा तू. कॅरव्हॅन लावून ये, मग मला न्यायला ये. मी बसते इथे झाडाखाली.”

“लोक काय म्हणतील?”

“कोण लोक? इथे आहे कोण?”

खरंच कुणी नव्हतं. डाउवे इंजिन चालू ठेवून बसला. अशी एकटी बाई फाट्यावर सोडून, रिकाम्या सीटशेजारी बसून वर जायचं, हे त्याला डोळ्यांसमोर आणवेना. शेवटी त्याने मान बाहेर काढली.

“येऊन बस.”

“मी थांब म्हटलं की थांबशील?”

“अगं, बस ना आधी.”

“ते नाही विचारलं मी.”

“थांबेन,” तो म्हणाला. तिने क्षणभर त्याच्याकडे बघितलं आणि ती बसली.

चढ सोपा होता. रस्ता रुंद केलेला, कडेला नवे कठडे. खिंडीच्या माथ्यावर माणसं आइस्क्रीम खात होती, एक म्हातारी विणत बसली होती. यासाठी आपण सव्वीस वर्षं दरीला वळसे घातले! डाउवेच्या छातीत पुन्हा भडका उठला. तो न थांबता पलीकडे उतरायला लागला. दुसरा गियर, ब्रेकला हलका पाय, कॅरव्हॅन मागे गुमान.

तिसऱ्या वळणावर हिंके म्हणाली, “थांब.”

समोर रस्ता मोकळा. धूर नाही, वास नाही. उजवीकडे रुंद जागा. डाउवेच्या मनात आलं, परीक्षा घेतेय. शिकाऊ पोराची घेतात तशी. या उतारावर, कारण नसताना, पासष्ट वर्षांच्या माणसाची. पाय ब्रेकवर होता, पण त्याने दाबला नाही. रुंद जागा मागे गेली.

तिने दुसऱ्यांदा म्हटलं नाही. हातांची बोटं एकमेकांत घालून ती गप्प बसली. ती गप्प बसली हेच त्याला सोसवलं नाही. पुढच्या वळणानंतरच्या जागेत त्याने गाडी बाजूला घेतली आणि इंजिन बंद केलं.

“थांबलो.”

“हो,” हिंके म्हणाली. “एका वळणानंतर.”

“काय हवं होतं तुला?”

“काही नाही.”

“मग कशाला म्हटलंस?”

दार उघडून ती कठड्यापाशी गेली आणि खाली बघत उभी राहिली. वाऱ्याने तिचे पांढरे केस एका बाजूला उडत होते. सव्वीस वर्षं ही नकाशा बघतेय असं आपण समजत होतो, डाउवेच्या मनात आलं, आणि ही आपल्याला बघत होती. त्याला वाटलं, उतरावं, शीळ का घातली ते सांगून टाकावं. पण जी बाई सव्वीस वर्षं फसवू शकते तिच्यापुढे आपणच आधी का उघडं पडायचं, असंही वाटलं, आणि तो चाक धरून बसून राहिला.

ती परत आली. पट्टा लावला.

“चल.”

“पुन्हा म्हणणार आहेस का, थांब?”

“माहीत नाही.”

त्याने गाडी सोडली. खाली कॅम्पची छपरं दिसेपर्यंत हिंके एक अक्षरही बोलली नाही. आणि डाउवे प्रत्येक वळणावर, प्रत्येक रुंद जागेपाशी, ब्रेकवर पाय ठेवून तिच्या शब्दाची वाट बघत राहिला.