तूच म्हणाली होतीस

दोन महिने ती भिंतीकडे तोंड करून पडून होती. पाणीसुद्धा चमच्यानं पाजावं लागे. तोंडातून अवाक्षर नाही. वडिलांचा पुस्तकबांधणीचा कारखाना एकहाती चालवणारी बाई ती! गोळ्या बदलून झाल्या, फरक शून्य. शेवटी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "विजेचे उपचार करू. भूल देऊन करतात, दुखत नाही." नवऱ्यानं सही केली.

एक दिवसाआड, सहा वेळा. रिकाम्या पोटी जायचं, दंडात सुई, की जाग येईतो सगळं उरकलेलं. डोकं तेवढं ठणके. चौथ्या खेपेनंतर तिनं चहा मागितला. सहाव्या खेपेनंतर नर्सच्या हातातली फाटकी वही पाहून म्हणाली, "ही कुणी शिवली? हात मोडले होते का त्याचे?"

घरी आल्यावर ती थेट कारखान्यात गेली. कागद कापायचं यंत्र गायब. काचेच्या कपाटांत मोबाइल मांडलेले आणि गल्ल्यावर दीर.

"वहिनी, बऱ्या झालात! बसा ना," तो म्हणाला. गिऱ्हाइकाला म्हणावं तसं.

"तूच म्हणाली होतीस," नवऱ्यानं सांगितलं. "दवाखान्यात नेलं त्याच्या आदल्या दिवशी. 'कारखाना भावजींना देऊन टाका, माझ्याच्यानं होत नाही.' कागदावर अंगठाही दिलास. शॉकनं विसरलीस."

मधले काही आठवडे पुसले जातील, हे डॉक्टरांनी बजावलंच होतं. तिनं विश्वास ठेवला. महिनाभर स्वतःलाच शिव्या घातल्या.

तपासणीला गेली तेव्हा तिनं विचारलं, "मी असं बोलले असेन?"

डॉक्टरीणबाईंनी फाइल उघडली. भरती केल्याचं पान पुढे सरकवलं. 'सात आठवडे एकही शब्द नाही. हाक मारली तरी प्रतिसाद नाही.'

"आठवण जाते, बाई. पण तेव्हा तुम्ही बोलतच नव्हता."

संध्याकाळी त्या पानाची प्रत तिनं नवऱ्याच्या ताटाशेजारी ठेवली. त्यानं वाचली. घडी करून ताटाखाली सारली.

"अहो, बोला ना."

"तू बरी होशील असं वाटलं होतं का कुणाला?" तो चिडून म्हणाला. जणू चूक तिचीच.

यंत्र भंगारात गेलं होतं. आठवड्याभरात ती दुसऱ्याच्या कारखान्यात रोजावर लागली. मालकानं चाचरत विचारलं, "बाई, तुम्हाला म्हणे ते शॉक...?"

"दिले," ती म्हणाली. "म्हणून तर उभी आहे. पानं शिवायचा टोचा कुठे ठेवता?"