टाळाची पिशवी

“आता येते पाह्य,” सदाशिवराव म्हणाले आणि त्यांनी बोट वर केलं.

अल्लीपूर-वर्धा बस खड्ड्यात आदळली, पुढच्या बाईच्या टोपलीतली वांगी हातभर उडाली आणि त्याच क्षणी मंदाबाईच्या कानात मृदंगावर थाप पडली. इअरफोन एकच होता. त्याची एक तार तिच्या कानात, दुसरी त्यांच्या.

“पडला ना हात? बुवाचं वाक्य संपाच्या आदी नाई, अन् संपल्यावरबी नाई. वासुदेवभाऊचा हात हाये तो.”

“किती डाव सांगसान? पाठ झालं मले. आता बुवा खोकलते.”

बुवा खोकलले. दोघंही हसली.

कीर्तन सहा वर्षांपूर्वीचं, गावच्या सप्ताहातलं. मोतीलालच्या पोराने मोबाईलवर घेतलेलं. त्यात बुवांच्या आवाजाहून मंडपामागच्या बैलाच्या घंटेचाच आवाज मोठा. पण बरोबर सव्वा तासाचं होतं. बस गावातून सुटली की गजर सुरू व्हायचा आणि वर्धेचं बसस्थानक आलं की कानात मोतीलाल ओरडायचा, “प्रसाद घेतल्याबिगर कोनी जाऊ नोका!” दोन वर्षांपासून महिन्यातल्या एका गुरुवारी दोघं असेच, प्रसादाच्या घोषणेवर बसमधून उतरत आणि दवाखान्याची रिक्षा पकडत.

कीर्तनात बुवा पुढे असतात, लोक त्यांच्याकडे पाहतात. पण कीर्तन उभं राहतं ते मागच्या ओळीतल्या टाळकऱ्यांवर. बुवांनी चरण सोडलं की ते त्यांनी झेलायचं. झेललं नाही तर देवाचं नावही अधांतरी लोंबतं. सदाशिवराव अठ्ठावीस वर्षं त्या ओळीत उभे होते, उजवीकडून दुसरे. त्यांच्या शेजारी त्यांचे थोरले भाऊ, वासुदेवराव, मृदंग घेऊन. दिवसा दोघं भाऊ पिठाची गिरणी चालवत. गिऱ्हाईक नसलं की भाऊ ज्वारीच्या डब्यावर बोटं नाचवायचे आणि हे पट्ट्याच्या खटखटीवर टाळी धरायचे.

भाऊ गेले एका दुपारी, पाणी पिता पिता. त्यानंतर सदाशिवरावांनी बोलणं हळूहळू बंद केलं, जसं गिरणी बंद केल्यावरही चाक थोडा वेळ फिरत राहतं आणि मग थांबतं. एके दिवशी जळका वास आला म्हणून मंदाबाई गिरणीत धावली. वर दाणा नव्हता, खाली पीठ नव्हतं. दगडावर दगड फिरत होता आणि सदाशिवराव समोर बसून ते पाहत होते. पुढे दोन महिने ते तसेच. मग उलटंच झालं. चार-चार दिवस झोप नाही, बोलणं थांबेना, गिरणी विकून देऊळ बांधायचं, आजच बांधायचं. तेव्हा मुलगी मयुरीने, जी बोरगाव मेघेला दिली आहे, त्यांना धरून दवाखान्यात नेलं.

गोळीने त्यांना परत आणलं. निम्मं गोळीने आणि निम्मं या सव्वा तासाने, असं मंदाबाईचं मत. दवाखान्यात ते गुंगीत पडून असत, तेव्हा उशाशी मोबाईल ठेवून ती कीर्तन लावायची. तिसऱ्या आठवड्यात एकदा त्यांचं एक बोट चादरीवर हललं होतं, बरोबर भाऊंच्या थापेवर. तिने त्याच दिवशी केळझरच्या गणपतीला नारळ बोलला.

गोळी ते घ्यायला कुरकुरत, म्हणून तिने ती देवाची करून टाकली. रोज दिवा लावला की गोळी देवापुढे ठेवायची, वर तुळशीचं पान, आणि मग त्यांच्या तळव्यावर. प्रसादाला नाही म्हणणारा माणूस त्या घरात नव्हता.

पण गोळीने हात कापू लागले. चहाची बशी वाजायची. गेल्या सप्ताहात त्यांचे टाळ असे थरथरले, की बुवांनी मान वळवून पाहिलं. सदाशिवरावांनी नमस्कार केला, टाळ पिशवीत घातले आणि माणसांत मागे जाऊन बसले. त्या दिवसापासून पिशवी खुंटीवर होती.

पंधरा दिवसांपूर्वी मोतीलाल येऊन गेला होता. सप्ताह तोच बसवतो.

“दादा, यंदा काल्याच्या कीर्तनाले उभं राहाच लागते.”

“माह्या हात पाह्यला काय तू?”

“हाताचं मले नोका सांगू. तुमची जागा मी वर्षभर रिकामी ठेवली. लोक म्हन्ते, मोत्या, एक दात पडल्यावानी दिसते ओळ.”

सदाशिवराव हसले नव्हते. पण दुसऱ्या दिवशी पिशवी खुंटीवरून खाली आली. आताही बसमध्ये ती त्यांच्या मांडीवर होती आणि तिच्यावर त्यांचं बोट ठेका धरून होतं. मंदाबाईने नीट पाहिलं. बोट कापत नव्हतं. दुसरा हातही नाही. चार दिवसांपासून ते पहाटे गुणगुणत होते आणि ती अंथरुणात पडून ऐकत होती. तिने बसमध्येच डोळे मिटले, मनातल्या मनात गणपतीला म्हणाली, देवा, नारळ कमी पडला. पाच आणते.

दवाखान्यात सकाळीच रक्त घेतलं. डॉक्टरीणबाईंनी दुपारी आत बोलावलं. तरुण पोर, पण बोलण्यात घाई नाही.

“काका, हात पुढे करा बरं.”

त्यांनी केले. तिने बोटांवर एक कोरा कागद ठेवला. दर महिन्याला हा कागद झाडाच्या पानासारखा हलायचा. आज तो टेबलावर ठेवल्यासारखा स्थिर होता.

“पाहा मॅडम,” मंदाबाईला राहवलं नाही. “देवानं ऐकलं. पानी पेतानी सांडत नाई आता.”

डॉक्टरीणबाईंनी कागदाकडे पाहिलं, मग रिपोर्टकडे.

“झोप कशी आहे, काका?”

“मस्त.”

“गोळी रोज घेता?”

“घेतो ना.”

“मी सोता देतो हातात,” मंदाबाई म्हणाली. “देवापुढून उचलून.”

“काकू, रक्तात गोळीचा अंशही नाही.” ती हळूच बोलली. “कमी-जास्त होऊ शकतं. पण काहीच नसणं, म्हणजे आठ-दहा दिवस पोटात गेलेलीच नाही.”

मंदाबाई भांडायच्या तयारीने खुर्चीच्या काठावर आली. मशीन बिघडलं असेल, नाव दुसऱ्याचं असेल. ती बोलणार तेवढ्यात सदाशिवरावांनी टाळाची पिशवी टेबलावर ठेवली आणि नाडी सोडली. लाल गोंड्याच्या दोरीने बांधलेले पितळी टाळ काढले आणि पिशवी उलटी केली.

गोळ्या टेबलावर पडल्या. अकरा. त्यांच्यात तुळशीची वाळून काळी पडलेली पानं.

“फेकल्या नाई म्या,” ते मंदाबाईकडे पाहून म्हणाले. “देवापुढची वस्तू फेकता येते काय? डोक्याले लावून ठेवत गेलो. काला झाला का मंग घेईन म्हनलं, साऱ्या.”

“साऱ्या एकदम?” डॉक्टरीणबाईंचा आवाज पहिल्यांदा चढला. “काका, जीव गेला असता!”

“मले काय मालूम, बाई. एक प्रसाद चुकला तं दुसऱ्या दिवशी दोनदा घेतो आमी.”

मंदाबाई त्या काळ्या पानांकडे पाहत राहिली. रोज संध्याकाळी तिच्याकडे पाठ करून ते डोक्याला हात लावायचे आणि तिला वाटायचं, केवढा भाव! पहाटेचं गुणगुणणं तिला आता वेगळं ऐकू आलं. चार दिवस ते झोपलेच नव्हते. आणि ती अंथरुणात आनंदाने पडून होती.

“आजपासून परत सुरू,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “पहिल्याइतकीच, एकच. ही भरपाईची औषधं नसतात.”

“हात?”

“कापतील पुन्हा. दुसरी गोळी आहे, पण एकदम नाही बदलता येत. ही हळूहळू कमी, ती हळूहळू जास्त. दोन-तीन महिने लागतील. त्या गोळीने हात थांबेलच, असंही मी म्हणणार नाही.”

“काला पुढच्या गुरुवारी हाये,” सदाशिवराव म्हणाले, जणू तारीख कळली तर ती काही तरी करेल.

डॉक्टरीणबाईंनी अकरा गोळ्या कागदात बांधल्या आणि स्वतःच्या खणात टाकल्या. पानं मात्र तिने टाळांशेजारी परत ठेवली.

परतीच्या बसमध्ये त्यांनी इअरफोन बाहेरच काढला नाही. बाहेर कपाशीच्या शेतांत वेचणाऱ्या बाया वाकलेल्या होत्या.

“काऊन नाई सांगतलं मले?” शेवटी ती म्हणाली.

“सांगतलं असतं तं तू देली असती गोळी.”

“मंग? द्याचीच नाई काय?”

“मंदे, ऐक. गोळी घेतली तं टाळ जाते. नाई घेतली तं मी जातो. मले दोनी समजते. मी काई पागल नाई.” ते थांबले. “पन भाऊ गेल्यावर तेवढीच एक जागा हाये जेथी मी त्याच्या बाजूले उभा राहतो. तेथूनबी काढलं तं मी त्याले कोठी भेटू? सांग तू.”

चाळीस वर्षांच्या संसारात ती त्यांच्या पुढचं पाहत आली होती, दाणे संपायच्या आधी दाणे, तेल संपायच्या आधी तेल. इथे पुढे काहीच दिसत नव्हतं. तिने आपल्या पिशवीतून पाण्याची बाटली घेतली, नव्या पाकिटातून एक गोळी काढली. देव नव्हता, दिवा नव्हता, तुळस नव्हती.

“ही निस्ती गोळी हाये,” ती म्हणाली. “घ्या.”

त्यांनी घेतली. ती त्यांच्या गळ्याकडे पाहत राहिली, घोट खाली उतरेपर्यंत. अशी आपण नवऱ्याकडे पहाऱ्यावरच्या शिपायासारखं पाहतोय, याची तिला लाज वाटली. मग तिने इअरफोनची एक तार त्यांच्या कानात घातली, एक आपल्या. प्रसादाची घोषणा व्हायच्या आधीच अल्लीपूरचा फाटा आला.

मंगळवारी बशी वाजली. पहिल्यांदा अगदी बारीक. मंदाबाईने चूल फुंकायचं निमित्त करून पाठ वळवली. नीट झोपही त्याच दिवशी लागली त्यांना, घोरलेसुद्धा.

गुरुवारी काल्याला मंडप भरला. मोतीलालने ओळ लावली. उजवीकडून दुसरी जागा रिकामी होती. मृदंगावर आता वासुदेवरावांनी शिकवलेला योगेंद्र होता. सदाशिवराव ओळीत जाणार नाहीत, असं मंदाबाईला वाटलं होतं. पण बुवांनी नमन सुरू केलं आणि ते माणसांतून वाट काढत पुढे गेले, धोतर सारखं केलं, त्या जागेला वाकून हात लावला आणि उभे राहिले.

टाळ त्यांनी पिशवीतून काढले. दोरी बोटांत गुंडाळली. बायकांच्या घोळक्यातून मंदाबाईला त्यांचे हात दिसत होते आणि ते कापत होते. देवा, आता बुवा मान वळवतील. तिने पदर तोंडाशी धरला.

बुवांनी चरण सोडलं. ओळीतले टाळ एकदम पडले.

सदाशिवरावांचे पडले नाहीत. त्यांनी दोन्ही टाळ एकमेकांवर ठेवून तळव्यांत मिटले होते, पाखरू धरावं तसे, आणि छातीशी घट्ट आणले होते. पाय ओळीबरोबर पडत होते. तोंड उघडलेलं होतं, गळ्याच्या शिरा ताणल्या होत्या, चरण ते झेलत होते. टाळ तेवढे सोडून बाकी सगळ्याने झेलत होते. फक्त मिटल्या हातांखाली लाल गोंडा हलत होता, ठेक्यात नाही, आपल्याच लयीत. शेजारी योगेंद्रचा हात वाक्य संपता संपता पडला. आधीही नाही, नंतरही नाही. सदाशिवरावांनी तिकडे मान वळवली नाही. डोळे मात्र मिटले.

सव्वा तास ते तसेच उभे राहिले. बुवांनी एकदाही मागे पाहिलं नाही.

दहीहंडी फुटली. मोतीलाल परात घेऊन रांगेतून फिरू लागला. “प्रसाद घेतल्याबिगर कोनी जाऊ नोका!” सदाशिवराव मंदाबाईच्या शेजारी येऊन बसले. धाप लागली होती.

“कोनी काई म्हनलं काय?” त्यांनी विचारलं.

“नाई.”

“ऐकू आलो मी?”

तिला ऐकू आले नव्हते. चाळीस माणसांच्या आवाजात एक आवाज कोणाला ऐकू येतो?

“आले ना,” ती म्हणाली.

मोतीलाल समोर आला. सदाशिवरावांनी तळवा पुढे केला. दही-लाह्यांचा घास त्यावर पडला आणि तळवा कापू लागला. एक लाही घरंगळली, मग दुसरी. प्रसाद जमिनीवर पडू द्यायचा नसतो. त्यांनी दुसरा हात आणला, तोही कापत होता.

मंदाबाईने आपला तळवा त्यांच्या हाताखाली धरला. धरून थांबवायचा प्रयत्न केला नाही. ते सावकाश खात राहिले, आणि जे सांडत होतं ते तिच्या हातात पडत होतं.