दह्यानं पू होत नाई

माह्या दह्यानं पू होते म्हणे! अख्ख्या वरोऱ्यात हे माह्या तोंडावर बोलायची हिंमत एकाच बाईची, अन् ती म्हणजे मुश्ताकची अम्मी. दुसऱ्या कोणी म्हटलं असतं तर त्याची सात पिढ्यांची खबर घेतली असती मी. पण अम्मीचं वय झालेलं, अन् भिंतीले भिंत लागून घर. मी नुसता पदर खोचला अन् म्हटलं, "अम्मी, पुन्हा बोला. नीट ऐकू नाई आलं."

तिनं पुन्हा तेच म्हटलं. तीही काही कमी नाई.

मी भागीरथा. माह्या घरी दोन म्हशी हायेत. नवरा गेला, पोरगी नांदायले गेली, आता मी अन् म्हशी. दही मी मातीच्या गाडग्यात लावते, अन् गाडगं उलटं धरलं तरी थेंब खाली पडत नाई. ही फुशारकी नाई, कोणीही येऊन पाहून जावं.

मुश्ताक माह्या शेजारचा कूलरवाला. पत्रा कापून कूलर बनवते, जुने दुरुस्त करते, कूलरच्या बाजूच्या ताट्यांत वाळ्याचं गवत भरून देते. आमच्या इकडे उन्हाळ्यात देवाच्या खालोखाल कूलरवाल्याले मान असते. मार्च संपला की त्याच्या दारात लोक असे उभे राहतात जसे रेशनच्या दुकानात. वर्षभराचं पोट त्या दोन-अडीच महिन्यांवर चालते. अन् नेमकं त्याच टायमाले पत्रा सटकला अन् त्याचा उजवा तळवा अंगठ्यापासून करंगळीपर्यंत फाटला.

टाके पडले, पण जखम काही भरेना. गोळ्यांनी पोट बिघडलं, खाल्लेलं टिकेना. त्यात अम्मीचं पथ्य! अंडं गरम म्हणून बंद, मटण गरम म्हणून बंद, दही तर अजिबातच नाई, दह्यानं जखमेत पू होते. राहिलं काय? डाळीचं पाणी अन् भात. चांगला दणकट माणूस, पण सदरा अंगावर लोंबून राह्यला होता.

डॉक्टरीणबाईनं त्याची बायको सुलतानाले स्पष्ट सांगतलं, "जखम भरायले शरीराले माल लागतो. प्रोटीन पोटात गेलं नाई तर मांस भरणार कुठून? असंच चाललं तर आतल्या शिरा आखडतील, मग बोटं वळणार नाईत." अन् अंडं-मटण पोटाले झेपत नाई तर निदान ग्रीक योगर्ट द्या म्हणाली.

सुलताना रडत माह्याकडं आली. रडत होती बोटांसाठी. बोटं वळली नाई तर पाना कसा धरणार, कैची कशी चालवणार? तिनं बसस्टँडजवळच्या नव्या दुकानातून एक इटुकली डबी आणली होती. मी म्हटलं पाहू तर खरी, हे विलायती औषध काय हाय. बोटभर चाटलं.

"अवो सुलताना," मी म्हटलं, "हा तर चक्का होय!"

"चक्का?"

"दही फडक्यात बांधून टांगलं, पाणी गळलं, राहिलं ते हे. आपण त्यात साखर घोटून श्रीखंड करतो अन् सत्यानाश करतो त्याचा. बिनसाखरेचं खाल्लं की झालं तुह्यं ग्रीक."

ती रडता रडता हसली. मी तिले समजावलं की वाटीभर चक्क्याले तीन वाटी दही लागते, म्हणून त्याच्यात ताकद जास्त. पोटालेही दुधापेक्षा सोपं जाते. हे मी माह्या मनानं नाई सांगतलं. फोन लावून डॉक्टरीणबाईले विचारलं, ती म्हणाली अगदी बरोबर, घरचं ताजं असलं तर अजून चांगलं.

पण एप्रिलच्या आमच्या गरमीत दही टांगणं म्हणजे चेष्टा नाई. पाणी गळेपर्यंत ते आंबून जाते. फ्रीजमध्ये टांगायले जागा नाई. मग मी डोकं लावलं. धुतलेल्या पांढऱ्या धोतराच्या फडक्यात दही बांधलं अन् गाठोडं कूलरच्या पुढं टांगलं, खाली पातेलं. थंडगार हवा, ओलं फडकं. दुपारपर्यंत असा घट्ट चक्का झाला की चमचा उभा राहावा. अन् वाळ्याच्या ताटीचा बारीकसा वास लागला त्याले. असा वास त्या दुकानातल्या डबीले कुठून येणार!

वाटी घेऊन गेली तर दारातच अम्मी. अन् मग ते पू-पुराण.

मी म्हटलं, "डॉक्टरीण सांगते ते खोटं?"

"डॉक्टरनीले काय माहीत? तिचं पोरगं हाय का?"

"अम्मी, बोटं जातील त्याची."

"दह्यानं जीव जाते, तुले काय समजते?" ती इतक्या जोरात ओरडली की गल्लीतली दारं उघडली. मले राग आला. म्हातारी हट्टी हाय, मले वाटलं, बस एवढंच.

मग मीही आवाज चढवला. "ऐका अम्मी! माह्या दह्यानं मुश्ताकच्या हातात पुवाचा एक थेंब जरी झाला, तर दोन्ही म्हशी बाजारात उभ्या करीन अन् तुमच्या दारात येऊन नाक घासीन. अख्खा मोहल्ला साक्षीले!" मोहल्ला खरंच होता, आमच्या दोघींचं भांडण लागलं की सगळे दारात येतात. आतून मुश्ताक म्हणाला, "अम्मी, खाऊ दे वो. डाळीच्या पाण्यानं आता मले ऊठबसही होत नाई." अम्मी उठून परसात गेली अन् तिकडंच तोंड करून बसली.

तेव्हापासून मी रोज वाटी नेली. रोज एकच चव दिली तर माणूस कंटाळते, म्हणून एके दिवशी मीठ, जिरं अन् किसलेली काकडी. दुसऱ्या दिवशी जवसाची चटणी वर पेरून, ज्वारीच्या भाकरीसंगं. कधी पिकलेल्या आंब्याच्या फोडी घातल्या, कधी पोंभुर्ण्याकडून आणलेलं जंगलातलं मध अन् वर चार चारोळ्या. गळलेलं पाणीही मी फेकलं नाई, त्यातच सुलतानाले पीठ भिजवायले लावलं. मुश्ताकचं पोट जागेवर आलं. मग डॉक्टरीणबाईच्या सांगण्यावरून उकडलेलं अंडंही चालू झालं. चेहऱ्यावर लाली आली. जखमेच्या कडा आतून गुलाबी दिसून राह्यल्या म्हणून सुलताना मले सांगायची, अन् मी अम्मीले ऐकू जाईल अशा आवाजात विचारायची, "काय म्हणतेस? गुलाबी?"

अन् मग एका सकाळी सुलताना धावत आली. हात सुजला, ताप चढला, पट्टीले वास येऊन राह्यला.

खोटं नाई सांगत, मले पहिले बाजारात उभ्या केलेल्या माह्या म्हशीच दिसल्या. पण माह्या दह्यावर माहा विश्वास होता. गाडगं धुतलेलं, फडकं उकळलेलं, चक्का त्याच दिवसाचा. म्हटलं, चला दवाखान्यात, मीही येते. ऑटोत अम्मी माह्या बाजूले बसली. वाटलं, आता तोंडाचा पट्टा सुटणार. पण ती शिव्या देऊन नाई राह्यली. नुसती मुश्ताकचा पाय घट्ट धरून बसली होती.

डॉक्टरीणबाईनं पट्टी सोडली. आतली पट्टी ओली चिंब. तिनं चिमट्यानं काहीतरी ओढून काढलं अन् उजेडात धरलं. पिवळसर, बारीक, लांब.

मी पाहताक्षणी ओळखलं. "हे तर कूलरचं गवत होय!"

मुश्ताकनं मान खाली घातली.

"बोल ना आता!" मी कडाडली. "दुपारी सगळे कूलरपुढं झोपले की तू कुठी जात होता?"

मग सगळं बाहेर आलं. कामावरचं पोरगं ताट्या ढिल्या भरत होतं, गिऱ्हाईक वापस येऊन राह्यले होते. अंगात ताकद आली तशी ह्याले राहवेना. पट्टीवर प्लास्टिकची पन्नी बांधायची, रबर लावायचं अन् भिजवलेलं गवत दोन्ही हातांनी दाबून भरायचं. पन्नीत पाणी जात होतं, ते ह्याले समजलं नाई. समजलं असेल तरी सांगणार कोणाले? डॉक्टरीणबाईनं त्याले असं झापलं की मले बोलायले काही उरलंच नाई. मग जखम धुवून म्हणाली, "घाण वरवरच हाय. आत चांगलं मांस भरलंय म्हणून वाचलास. खाणं बंद करू नका."

मी विजयानं अम्मीकडं पाहिलं. खरं सांगते, बोलायले मी तोंड उघडलं होतं. दोन चांगली वाक्यं तयार होती.

पण अम्मी त्या गवताकडं पाहून राह्यली होती. "म्हणजे दह्यानं नाई?" तिनं विचारलं.

"नाई, अम्मी," डॉक्टरीणबाई म्हणाली.

"मग मुश्ताकच्या अब्बाले काय झालं होतं?"

कोणाले काही समजेना. मुश्ताकही पाहतच राहिला. अम्मी खालच्या आवाजात बोलली. तो लाकडं कापायच्या आरामशीनवर कामाले होता. जुन्या फळीतला खिळा पायात गेला. असेच उन्हाचे दिवस. त्याले जेवण जाईना, म्हणून ही रोज दहीभात कालवून भरवायची. मग एका दिवशी त्याची दातखीळ बसली, अंग धनुष्यासारखं वाकलं, अन् गेला. मुश्ताक तेव्हा दुसरीत होता. मय्यत घरात असतानाच नणंद सगळ्यांपुढं म्हणाली, हिनं दही चारून मारलं माह्या भावाले.

"माह्याच हातानं देल्लं होतं," अम्मी म्हणाली. "तेव्हापासून मी घरात दूध विरजलं नाई."

डॉक्टरीणबाईनं हातातलं काम ठेवलं. "खिळा लागल्यावर सुई घेतली होती का त्यांनी?"

"सुई कोण घेते? हळद भरली होती."

"तो धनुर्वात होता, अम्मी. तो खिळ्याच्या घाणीतून होतो. तुम्ही दही दिलं असतं, नसतं दिलं, काहीच फरक पडला नसता."

अम्मीनं ते ऐकलं. मग ती डॉक्टरीणबाईकडं न पाहता माह्याकडं वळली. इतके दिवस जिच्याशी भांडली, तिच्याकडं. "भागीरथा," ती म्हणाली, "तू सांग. खरं सांग."

माह्यं तोंड कधी बंद पडत नाई, हे सगळ्यांले माहीत हाय. पण तेव्हा ती तयार केलेली दोन्ही वाक्यं मी गिळून टाकली. मी तिचा हात धरला. "नाई अम्मी. दह्यानं नाई. तुमच्या हातानं तर बिलकुल नाई."

ती रडली. एका बाईच्या डोळ्यांतून एवढं पाणी निघते हे मले माहीत नव्हतं. मुश्ताकनं साबूत हातानं तिले जवळ घेतलं. मीही रडली, त्यात लपवायचं काय?

मुश्ताकचा हात भरला. थोडा वेळ लागला, पण आता पाचही बोटं वळतात, अन् पाना पहिल्यासारखा धरते. दुपारी झोपत नाई तर नाई, पण पन्नीचं नाव काढलं की कान पकडते.

दवाखान्याच्या दुसऱ्या दिवशी मी वाटी घेऊन गेली तेव्हा अम्मी दारातच होती. तिनं माह्या हातातून वाटी घेतली, पोराच्या खाटेवर बसली अन् त्याले चमच्या-चमच्यानं भरवलं. एवढा मोठा बाप्या, पण त्यानं मुकाट्यानं खाल्लं. तळाशी थोडं उरलं होतं. अम्मीनं वाटीकडं पाहिलं, चमचा पुसला नाई, तसाच तोंडात घातला. डोळे मिटून बसली.

"आंबट हाय थोडं," ती म्हणाली.

आंबट अजिबात नव्हतं. पण मी म्हटलं, "हो अम्मी, उद्या गोड आणते," अन् रिकामी वाटी घेऊन घरी आली.