शून्याचं बटण

सत्यजीत सरांनी फळ्यावर दिपाच्या नावापुढे एकशे वीस लिहिलं आणि खडू असा टाकला, जसा काय पोरीच्या तोंडावरच फेकला. विनायकच्या नावापुढे दोनशे तीस.

"आकडे खोटं बोलत नाहीत," सर म्हणाले.

माझं डोकं तिथंच फिरलं. अरे, हीच दिपा दर आठवड्याला पळस्प्याहून निघून कर्नाळ्याच्या खिंडीत विनायकला मागं टाकते. तेही माझ्या दुकानातल्या काळ्या सायकलवर, जिचं मडगार्ड, कॅरिअर, स्टँड सगळं मी काढून ठेवलंय आणि गिअर तर तिला जन्मापासून नाहीत. विनायक खिंडीत पोचतो तेव्हा ही पोरगी माकडांना चणे टाकत बसलेली असते. आणि मशीन म्हणते, पोरीत दम नाही!

ही गोष्ट सत्त्याण्णव सालची. आमच्या गाढी सायकल मंडळाला एका कंपनीनं रेसिंग सायकलची फ्रेम आणि परदेशी पार्ट दिले होते. पार्ट पेटीभर, पण फ्रेम एकच. म्हणजे सायकल एकच होणार आणि राज्याच्या निवड शर्यतीला एकच जण जाणार. शर्यत बोरघाट चढून वर. दिपाचं ज्युनिअरमधलं हे शेवटचं वर्ष. आता नाही तर मग नाही.

सरळ रस्त्यावर दोघांना पळवलं असतं तर प्रश्न मिटला असता. पण सत्यजीत सर मंडळाचे अध्यक्ष, मोठे इंजिनिअर, आणि त्यांच्या मेव्हण्यानं जर्मनीहून पॉवर मीटर आणला होता. पायडलच्या दांड्याला एक जाड चकती, तिच्यातून वायर, आणि हँडलवर एक डबी. तुम्ही पायडल किती जोरात मारता ते डबीवर वॅटमध्ये दिसतं. सर म्हणाले, निवड शास्त्रीय पद्धतीनं होणार. वडाळे तळ्याच्या काठी लोखंडी स्टँडवर सायकल उभी करायची, मागच्या चाकाला रोलर लावायचा, आणि दोन रविवार चाचणी. ज्याचे वॅट जास्त, त्याची सायकल. वर पेटीतले पार्टही त्यानंच निवडायचे.

पहिल्या रविवारी हे असं झालं. विनायक सरांच्याच सोसायटीतला. पोरगा वाईट नाही, पण आकडा बघून त्यानं लगेच पेटी उघडली आणि पार्ट निवडायला बसला. सीट ब्लेडसारखी पातळ, आणि फ्रीव्हील, म्हणजे मागच्या चाकाचं दातेरी चक्र, एवढासा, वाटीएवढा.

"प्रो लोक हाच वापरतात," तो म्हणाला.

दिपाचा बाप देवजी माझा जुना दोस्त. शिरढोणच्या बाजूला त्याची शेती. नुसता तंबाखू मळत राहिला, मळून मळून तिचं पीठ केलं.

"दिना," शेवटी म्हणाला, "मशीन बोलतंय तं खरंच असंल."

"गप रे! मशीनला काय कळतंय?"

खरं सांगायचं तर मशीनला काय कळतंय ते मलाही कळत नव्हतं. पण मंगळवारी सरांनी ती चाचणीची सायकल स्टँड-रोलरसकट स्पोक आवळायला माझ्या दुकानात आणून ठेवली. आता माझ्या ताब्यात असली वस्तू आली आणि मी तिच्याशी खेळलो नाही, असं कधी झालंय? मी चढलो. ब्रेक धरला, पायडलवर पाय दाबून ठेवला आणि चाचणीच्या आधी सर जे बटण दाबतात ते दाबलं. मग ब्रेक सोडून जीव खाऊन पायडल मारले. डबीवर पन्नास. मी म्हटलं, दिनानाथ, म्हातारा झालास. उतरलो. पुन्हा चढलो, पाय खाली लोंबते ठेवले आणि बटण दाबलं. मग मारले पायडल. दीडशे!

मला गिऱ्हाइकासमोर हसू आवरेना. मग एकदम हसू थांबलं.

ते बटण शून्याचं होतं. ते दाबताना पायडलवर जेवढा भार असेल, तेवढा मशीन शून्य धरणार आणि पुढं सगळ्यातून वजा करणार. विनायक चाचणीला बसतो तेव्हा पाय लोंबवून गप्पा मारत असतो. आणि आमची दिपा? ती जत्रेच्या शर्यतीत शिकलेली. तिथं मागून एक माणूस सीट धरतो, पोरं पायडलवर भार टाकून तयार असतात, आणि रुमाल पडला की सुटायचं. सर "रेडी?" म्हणाले की ही ब्रेक आवळून पायडलवर भार टाकते, आणि सर नेमके तेव्हाच बटण दाबतात. म्हणजे पोरगी तयारीत बसते म्हणून तिचे वॅट कापतात!

मी तडक सरांच्या घरी गेलो. सगळं सांगितलं.

"दिनानाथ," सर चहा ढवळत म्हणाले, "हे मशीन जर्मन आहे."

"मशीन जर्मन असेल सर, पण बटण तुम्ही पनवेलमध्ये दाबताय ना!"

"तुम्ही माझ्या स्कूटरच्या सायलेन्सरमध्ये बटाटा घातला होतात."

"बटाटा नव्हता. रताळं होतं."

"तेच. तुमच्या कुठल्या बोलण्यावर विश्वास ठेवायचा? तुम्ही पंक्चर काढा, शास्त्राचं मी बघतो."

चहासुद्धा विचारला नाही. मी जिना उतरलो तेव्हा कान गरम झाले होते. माझी चेष्टा ठीक आहे, मी ती कमावलीय. पण माझ्या रताळ्याची शिक्षा त्या पोरीला? बरं, म्हटलं. तुला शास्त्र पाहिजे ना? दाखवतो शास्त्र.

पुढच्या रविवारी तळ्यावर गर्दी. मी काशीरामला घेऊन गेलो. काशीराम म्हणजे एसटी स्टँडसमोरचा वडेवाला. पोट असं, की सायकलवर बसला की गुडघे पोटाला लागतात. त्याला सांगितलं, "काही करायचं नाही. पाय सोडून बसायचं, बैलगाडीत बसतोस तसं. सर बटण दाबतील, मग पायडल मारायचे."

"आणि पडलो तर?"

"स्टँडवर आहे रे. पडलास तर स्टँड पडेल."

मग विनायकला बाजूला घेतलं. "परदेशात स्टार्ट कसा घेतात माहितीये? ब्रेक आवळायचा आणि पायडलवर पूर्ण उभं राहायचं. एकदम उभं! सरांनी बटण दाबलं की सुटायचं."

"अरे हो," विनायक म्हणाला, "मी व्हिडिओत पाहिलंय."

पाहिलंय म्हणे! मला वाटलं, पटवायला वेळ लागेल. पण परदेशातलं म्हटलं की झालं.

"सर," मी मोठ्यानं म्हटलं, "आधी आमच्या काशीरामला बसवा. मशीन तापू दे."

लोक हसले. लोकांपुढं सरांना नाही म्हणता येईना. काशीराम चढला, पाय लोंबवले, सरांनी बटण दाबलं. गडी मिनिटभर घामाघूम. डबीवर नव्वद. टाळ्या!

मग विनायक. ब्रेक आवळला आणि पायडलवर ताठ उभा राहिला, पुतळ्यासारखा. सरांनी बटण दाबलं. सुटला! काय पायडल मारले पोरानं, स्टँड थरथरायला लागला. आणि डबीवर शून्य.

सरांनी डबी ठोकली. शून्य. वायर हलवली. शून्य. विनायक लालबुंद होऊन ओरडला, "किती झाले?"

काशीराम म्हणाला, "बाळा, ये माझ्याकडे गाडीवर. कांदे कापायला माणूस पाहिजे."

सगळं तळं हसलं. मी तर खाली बसलो. पण सर हसले नाहीत. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. त्यांना सगळं कळलं होतं, डोळ्यांत दिसत होतं. आणि कळूनसुद्धा हा माणूस काय म्हणाला?

"मीटर बिघडलाय. आजची चाचणी रद्द. मागच्या रविवारचे आकडे कायम."

शिवी ओठावर आली होती. पण माझ्याआधी दिपा पुढं आली. विनायकला म्हणाली, "उतर." तो उतरला. ही चढली. दोन्ही पाय हवेत सोडले, हात पण हँडलवरून काढले.

"दाबा आता बटण."

"चाचणी रद्द झालीये."

"शून्य विनायकचा आला तं मशीन बिघडला. माझे एकशे वीस आले तवा नाय बिघडला?"

देवजी तंबाखू टाकून पुढं आला. सरांच्या शेजारी जाऊन उभा राहिला. लोकांचं हसणं बंद झालं होतं. मागून कुणीतरी म्हणालं, "दाबा ना राव."

सरांनी दाबलं नाही. दिपानं स्वतः हात लांब करून दाबलं. मग हँडल धरलं आणि सुटली. नाक फुललेलं. पाच मिनिटं. डबीवर दोनशे पंचेचाळीस.

विनायकच म्हणाला, "सर, तिचे जास्त आहेत." म्हटलं ना, पोरगा वाईट नाही.

सरांनी पेटी पायानं पुढं सरकवली. माफी नाही, शाबासकी नाही. "मीटर माझा आहे. तो काढून घेणार."

"न्या," दिपा म्हणाली. "मना नको."

ती पेटीजवळ बसली. विनायकनं निवडलेला वाटीएवढा फ्रीव्हील तिनं बाजूला ठेवला आणि तळातून थाळीएवढा काढला, चढाला हलका जाणारा.

सरांना राहवलं नाही. "तो हौशी लोकांचा आहे. वजन वाढेल. रेसला कुणी लावत नाही."

"घाटात शिंगरोबाच्या चढाला तुमी जानार का मी?"

सर स्कूटरकडं गेले. जाताना वाकून सायलेन्सरमध्ये बघून घेतलं.

दुकानात मी सायकल जोडायला घेतली. मला वाटलं, आता पोरगी हसेल. वडे मागवले होते, काशीरामनं पैसे घेतले नाहीत. पण ती उभीच.

"काका, तुमाला मंगळवारी कळलं ना?"

"हो."

"मंग मना का नाय सांगितलं? मी पाय उचलून बसली असती."

"अगं, तू पाय उचलला असतास, आकडा आला असता, आणि तो म्हणाला असता तुक्का लागला. त्याला चारचौघांत—"

"तुमाला हसायचं होतं," ती म्हणाली. "मी आठवडाभर झोपली नाय."

तिनं माझ्या हातातून पाना घेतला आणि तो मोठा फ्रीव्हील स्वतः चाकावर आवळायला लागली. देवजी माझ्याकडं बघत होता. मी वडा खाली ठेवला आणि चाक घट्ट धरून बसलो.