मणीचा एक्स-रे

खोकून बेजार झालेल्या पोरीच्या छातीचा एक्स-रे काढू न देणारी आई मी पहिल्यांदाच बघत होते. आणि तेही मी, तिची सख्खी नणंद, दवाखान्यात एक्स-रे काढायचंच काम करत असताना!

"मणीला त्या मशीनखाली नको, वन्सं," एवढंच वहिनी म्हणायची. का, ते सांगेना. नजर चुकवायची. माझ्या मनात पाल चुकचुकली.

मणी माझ्या दादाची लेक. डोकं वयाच्या मानानं लहान, बोलायला उशिरा लागलेली, आणि बारा महिने दुखणं. कधी कान फुटायचा, कधी छाती भरायची. त्यात तिच्या मांडीवर काळानिळा डाग दिसला आणि माझी खात्रीच पटली. आईबापांनी मारलेली मुलं मी एक्स-रेच्या टेबलावर झोपवली आहेत. "पलंगावरून पडला" म्हणतात, आणि फोटोत जुनं मोडलेलं हाड दिसतं. वहिनीला तेच दिसायला नको होतं, दुसरं काय.

दादाशी बोलले. "तू यात पडू नकोस," म्हणाला आणि टीव्हीचा आवाज वाढवला. बायकोच्या ताटाखालचं मांजर! मग मीच ठरवलं.

रविवारी मणीला बागेत नेते म्हणून निघाले ती थेट आमच्या एक्स-रेच्या खोलीत. सुट्टीचं तिथं कुणी नसतं, किल्ली माझ्याकडेच. टेबल गार होतं, म्हणून चादर घातली, तिला झोपवलं, मशीनचा दिवा नेमका छातीवर आणला आणि काचेमागे गेले.

"हलायचं नाही हं, राणी."

"आत्या, हे आतलं तोडतं?"

"कोण म्हणालं?"

"डॉक्टरकाका. माझं तुटलं की जुळत नाही ना."

बोट बटणावर होतं. या किरणांनी पेशीतला डीएनए तुटतो, हे आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवतात. काळजी नको, शरीर तो जोडून घेतं, हेही शिकवतात. पण शरीराला जोडताच येत नसेल तर? मी बोट काढलं. वहिनीला फोन केला.

ती आली ती घरातल्या चपलांवरच. आधी मणीला उचललं.

"काढलात?"

"नाही."

ती खालीच बसली. "सगळ्यांचाच डीएनए तुटतो, वन्सं, आणि जुळतो. पोटात मेंदू घडताना तर फार. जुळला नाही की त्या पेशी मरतात, म्हणून डोकं लहान. रोगाशी लढणाऱ्या पेशी तर तयार होतानाच आपला डीएनए कापून नव्यानं जोडतात, तऱ्हेतऱ्हेचे जंतू ओळखायला. हिची जोडणीच कच्ची. म्हणून दुखणी. रक्तही नीट बनत नाही, म्हणून ते डाग."

"मग मला सांगायचं नाही?"

"हे दोघांकडून आलंय. माझ्याकडून आणि यांच्याकडूनही. त्यांना लाज वाटते. तुमच्यासमोर, नातेवाइकांसमोर मान खाली जाईल म्हणाले." ती मणीचे केस सारखे करत होती. "म्हटलं, तुम्ही माझ्यावर संशय घेतलात तरी चालेल."

मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

"आत्या, बाग?" मणीनं विचारलं.

"नेते ना," म्हणत मी तिला घ्यायला हात पुढे केले.

वहिनीनं मणीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं.