ओटीतली फाईल

हिंजवडीच्या जुन्या गावठाणात दर मंगळवारी दिगंबर महाराजांच्या मांडवापुढे एवढी गर्दी उसळायची की कंपन्यांच्या बसगाड्या अडकून पडायच्या. महाराज वेताने वांझपण उतरवत. बाईला पालथी पाडायची, पाठीवर वेत ओढायचे आणि महिन्याभरात एखादीला दिवस जाऊन पेढे यायचे. आपण बाईला मारतच नाही, तिच्या कुशीवर बसलेल्या हडळीला मारतो, असं ते सांगत. वळ मात्र बाईच्याच पाठीवर उठत. नियम एकच होता, दवाखान्याची फाईल ओटीत घालून आणायची. ती चाळून महाराज वेताची तारीख देत.

त्या मंगळवारी पालथी पडली होती हिंदुरावची बायको शालू. सासू तुळजाबाईने तिचे हात दाबून धरले होते. तिसऱ्या फटक्याला ब्लाउज फाटून रक्त आलं. हिंदुराव खांबाला टेकून बघत होता. दोष शालूत नाही, हे त्याला एकट्याला ठाऊक होतं. डॉक्टर उल्काबाईंनी त्याला नीट समजावलं होतं. त्याच्या वीर्यात शुक्राणू कमी. म्हणून ते धुऊन, चपळ तेवढे निवडून, शालूचं बीज सुटायच्या वेळी बारीक नळीने थेट गर्भाशयात सोडायचे. यश दर खेपेला साताआठांत एकीला, तपासणी चौदा दिवसांनी. शालूला नळी घातल्याला आज बारावा दिवस होता. खोट आपल्यात आहे याचा लाजेपायी त्याने घरात चकार शब्द काढला नव्हता.

तेवढ्यात शेजारची बायडाबाई रडत परत फिरली. तिने कधी दवाखाना केला नव्हता, फाईल नव्हती, म्हणून महाराजांनी तिला 'योग नाही' असं सांगून हाकललं. हिंदुरावच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. नळीची तारीख फाईलीतच तर असते.

चौथा फटका त्याने हातावर झेलला आणि वेत मोडला. महाराजांचे चेले त्याच्यावर तुटून पडले, त्याचा ओठ फाटला, दात निखळला.

"फाईलीबिगर इथं कुणाला पोर झालंय? एक नाव सांगा," रक्त थुंकत तो म्हणाला. "नळी दवाखान्यात घालत्यात, तपासणीच्या तोंडावर ह्यो वेत मारतो. ऱ्हायलं तर ह्याचा परसाद, नाय तर बाईचं पाप. आये, सोड तिला. खोट माझ्यात हाय."

तुळजाबाईचे हात सुटले. बायका एकेक करत महाराजांच्या पायाशी पडलेल्या आपापल्या फायली उचलू लागल्या.

दोन दिवसांनी तपासणीत गर्भ नव्हता. शालू नवऱ्याला म्हणाली, "पुढच्या महिन्यात दवाखान्यात जाऊ परत. पण आधी पारावर जाऊन सगळं सांगा. माझी पाठ उगा फुटली नाय."

त्याने सांगितलं, स्वतःची खोट आणि फसलेली खेपसुद्धा. डॉक्टरांनी खात्री दिली नव्हती, खरा आकडा दिला होता, आणि विश्वास ठेवायचा तो अशाच माणसावर. बाकी कुणी वेत उगारला तर बाईची पाठ पुढे करण्याआधी त्याला एवढंच विचारा, की चमत्काराला दवाखान्याची फाईल कशाला लागते?