निळं वेष्टन

ऋण टोक

शिंपीकाकांना चालता येत नाही. त्यांची बॅटरीवरची खुर्ची दुरुस्तीला आली होती. "उद्या पूल चढून दुकान उघडायचंय," काकांनी बजावलं होतं.

दुरुस्तीचं दुकान दोघा भावंडांचं. धाकटा खुर्चीच्या बॅटरीसाठी जुने सेल सोलत होता. फाटकं प्लास्टिक काढायचं, नवी निळी नळी चढवायची, गरम हवा मारायची. नळी आकसते. सेल नवाकोरा दिसतो. या गल्लीत सगळेच असं करतात.

तुमच्या गल्लीत, वाचकहो? तिथेही दुसऱ्या कशावर तरी असंच वेष्टन चढत असेल?

"हे जुने आहेत," ताई म्हणाली.

"मीटर बघ. भरलेले दाखवतोय."

"बसल्या जागी सगळेच पैलवान. भार पडल्यावर बघ."

"तू म्हणजे चालत्या गाडीला खीळ."

"चालते ना? मग मीच चालवून बघते."

मध्ये: पूल

जुने सेल बसवलेली खुर्ची ताई स्वतः बसून पुलावर घेऊन गेली. अर्ध्या चढावर ती मंदावली. थांबली. मागे भोंगे.

ताईला उठता आलं असतं. तिने भावाला फोन लावला.

"पुलावर ये. बंद पडली."

धाकटा धापा टाकत आला. "ऊठ ना ताई, मागून ट्रक येतोय."

"काकांनाही हेच सांगशील? ऊठ म्हणून?"

त्याने खुर्ची कडेला घेतली, वळवली आणि उताराला मागून धरून धरून दुकानापर्यंत आणली. ताई बसूनच.

"केवढी जड आहेस."

"हाच भार त्या सेलनी उचलायचा होता."

धन टोक

त्याने काकांना फोन केला. "काका, खुर्ची उद्या मिळणार नाही. मी जुने सेल घातले होते. नवे मागवतोय. तोवर रोज मी ढकलत नेतो."

काकांनी विचारलं, "पूल चढवशील?"

"चढवीन."

"दुपारी घरी जेवायलाही?"

"काका..."

"मग सेल सावकाश येऊ देत."

ताई तोंड फिरवून हसली. धाकट्याने मात्र पातं घेतलं आणि फळीवरच्या सगळ्या सेलांची निळी वेष्टनं चिरली. शेजारचा दुकानदार डोकावला. "वेड लागलं का रे? आता घेणार कोण?"

"जुने म्हणून मागेल तो घेईल. नवे म्हणून कुणीच नाही."

नागरिकहो, आपण कामाला चढवलेलं वेष्टन आपल्या टेबलावर फाटत नाही. ते फाटतं दुसऱ्याच्या चढावर, आणि त्या दुसऱ्याला उठून चालता येतंच असं नाही. म्हणून काम हातावेगळं करण्याआधी एकदा त्याच्या खुर्चीत बसा. पूल चढा.